मागच्या खाचेतले एकच वल्हे

दोन वल्ही मारणारा नावाडी जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. त्याचा बराचसा वेळ वल्ही हवेतून परत आणण्यात जातो आणि दोन्ही अंगांना ऐसपैस पाणी लागते ते वेगळेच. गर्दीच्या बंदरात, अरुंद कालव्यात, एकमेकींना खेटून बांधलेल्या नावांमध्ये एवढी जागा कुठून आणायची? होडीच्या मागच्या फळीवर अर्धगोल खाच पाडून त्यातून एकच वल्हे चालवायची रीत अशा पाण्यात फार सोयीची.

यात पाते पाण्याबाहेर काढायचेच नसते. दांडा डावीकडून उजवीकडे न्यायचा, टोकाला मनगट वळवून पात्याचा तिरपेपणा बदलायचा, पुन्हा डावीकडे. पाण्यात आठाचा आकडा उमटतो. आपला ८ नव्हे, आडवा पाडलेला इंग्रजी आठ. तिरपे पाते आडवे सरकले की पाणी मागे रेटले जाते, त्यामुळे जाता-येता दोन्ही वेळा होडीला रेटा मिळतो. कोन चुकला तर वल्हे खाचेतून उसळून बाहेर येते. नवशिक्याचे पहिले दिवस ते परत बसवण्यातच जातात.

चीनमध्ये या वल्ह्याला 'लू' म्हणतात. हान राजवटीच्या अखेरीस, इ.स. २०० च्या सुमारास, लिऊ शी यांच्या 'शिमिंग' या शब्दकोशात 'लू' आहे. ते नावेच्या बाजूला असते असे सांगून त्यांनी हा शब्द 'पाठीचा कणा' या अर्थाच्या तशाच उच्चाराच्या शब्दाशी जोडला: कण्याचा जोर लावला की नाव चालते. व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते. पुढे पिछाडीवर रूढ झालेल्या 'लू'ची तर सारी करामत कण्याचे कष्ट वाचवण्यातच आहे. त्याचा दांडा सरळ नसतो, त्याला बाक असतो. दांड्याच्या खालच्या अंगाची खोलगट वाटी पिछाडीवरच्या गोल डोक्याच्या खुंटीवर टेकते आणि मुठीकडच्या टोकापासून एक दोरी खाली होडीच्या तळाशी बांधलेली असते. दांडा ढकलला, ओढला की दोरीचा ताण आणि तो बाक मिळून पाते आपोआप उलटते. मनगटाचे काम दोरीने घेतले! 'एक लू म्हणजे तीन वल्ही' असे चिनी नावाडी उगीच म्हणत नाहीत. जपानी 'रो' याच जातीचे, दोन लाकडे कोनात जोडून केलेले.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचे 'गोदीय' मात्र सरळसोट वल्हे. तिथे सगळी भिस्त मनगटावर. व्हेनिसच्या गोंडोल्याचे नाव याच यादीत घेतात, पण तिथले वल्हे उजव्या काठावरच्या लाकडी आधारात टेकते. ते चुलत भावंड म्हणावे.

पाणी न सोडता तिरप्या पात्याने रेटायचे, हे तत्त्व जहाजांच्या पंख्यातही आहे. इंग्लंडच्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ मध्ये अशा पंख्याचे, म्हणजे बोट ढकलणाऱ्या लांब मळसूत्राचे, पेटंट घेतले. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यावर चाचणी चालू असताना त्यांचे लाकडी मळसूत्र अर्ध्यात तुटले, आणि बोट चक्क जास्त वेगाने पळाली. आखूड पाती पुरतात, हे असे उमगले.

१९०९ मध्ये ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत दीड अश्वशक्तीचे, होडीला बाहेरून अडकवायचे इंजिन तयार केले. ते अडकले वल्ह्याच्याच जागी, मागच्या फळीवर. आजही कित्येक छोट्या होड्यांना इंजिनाशेजारी ती अर्धगोल खाच असते. इंजिन बंद पडले की त्याच खाचेत वल्हे टाकून धक्का गाठता येतो.