माडबनचा सडा आणि अणुविजेचा हिशेब

कोकणात अणुविजेचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: अपघात झाला तर काय? हा प्रश्न रास्त आहे. परंतु सुरक्षितता आणि खर्च या दोन स्वतंत्र बाबी मानून वाद घालणे मला चुकीचे वाटते, कारण दोन्हींचे मूळ एकाच भौतिक वस्तुस्थितीत आहे.

न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे खाली सोडले की अणुभट्टीतील विखंडनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची, साखळी काही सेकंदांत थांबते. मात्र विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्ये क्षय पावत राहतात आणि त्यातून उष्णता निघतच राहते. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, फ्रेंच बनावटीच्या ‘ईपीआर’ प्रकारच्या सहा भट्ट्या योजल्या आहेत; त्यांतील एका भट्टीची औष्णिक क्षमता सुमारे ४,५९० मेगावॅट आहे. बंद होताक्षणी तिच्यात या क्षमतेच्या ६ ते ७ टक्के, म्हणजे जवळजवळ ३०० मेगावॅट उष्णता निर्माण होत असते, आणि एक दिवस उलटल्यावरही ती २० मेगावॅटच्या वर असते. चुलीतले निखारे पाणी ओतून विझवता येतात. किरणोत्सारी क्षय तसा विझवता येत नाही, म्हणून इंधनाभोवती पाणी खेळते ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइची येथे भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण बाहेरून येणारी वीज गेली, त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले, इंधन वितळले आणि हायड्रोजनचे स्फोट झाले. तीव्र किरणोत्सारबाधेने तेथे कोणी दगावल्याची नोंद नाही. उलट स्थलांतराच्या आणि विस्थापनाच्या हालअपेष्टांशी संबंधित असे दोन हजारांहून अधिक मृत्यू जपानने अधिकृतपणे नोंदले. खाड्यांनी तुटलेल्या आणि घाटांच्या मोजक्या रस्त्यांवर अवलंबून असलेल्या आपल्या किनाऱ्याने या आकड्याकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

या धोक्याला ईपीआरचे उत्तर आहे ते असे: आपत्कालीन शीतकरणाच्या चार स्वतंत्र यंत्रणा, दुहेरी भिंतींचे काँक्रीटचे कवच आणि इंधन वितळलेच तर ते झेलून थंड करणारी खालची रचना. अभियांत्रिकी म्हणून हे उत्तर भक्कम आहे, पण त्यातील प्रत्येक जोड आणि प्रत्येक तपासणी वेळ व पैसा मागते. फिनलंडमधील ओल्किलुओतो येथील भट्टीचे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले. ती २००९ मध्ये चालू व्हायची होती, नियमित वीजनिर्मिती सुरू झाली एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथे ३.३ अब्ज युरोंचा मूळ अंदाज सुमारे चौपट झाला. अणुविजेत इंधनाचा खर्च तुलनेने किरकोळ असतो आणि बहुतेक पैसा बांधकामातच अडकतो, त्यामुळे रखडलेल्या प्रत्येक वर्षाचे व्याज शेवटी विजेच्या दरावर चढते. याची दुसरी बाजूही कोकणातच, तारापूरला दिसते: १९६९ मध्ये सुरू झालेल्या तेथील भट्ट्यांचा भांडवली खर्च वसूल झाल्यावर त्यांनी कित्येक वर्षे स्वस्त वीज दिली.

साखरी नाटे आणि जैतापूर परिसरातील मच्छीमारांचा प्रश्न मात्र अपघाताचा नसून नित्याच्या कामकाजाचा आहे. ४,५९० मेगावॅट उष्णतेपैकी जेमतेम १,६५० मेगावॅटची वीज होते आणि उरलेली जवळजवळ सगळी उष्णता समुद्रात जाते. सोडलेले पाणी मूळ तापमानापेक्षा ७ अंशांनी गरम असेल असे धरले, तर एका भट्टीसाठी दर सेकंदाला सुमारे १०० घनमीटर पाणी लागते. सहा भट्ट्यांसाठी ६००. एवढे पाणी आत खेचताना त्याबरोबर माशांची अंडी आणि पिल्लेही ओढली जातात. बांगडा आणि तारली यांचे थवे समुद्राच्या तापमानाप्रमाणे जागा बदलतात, हे मच्छीमार आणि सागरशास्त्रज्ञ दोघेही जाणतात. म्हणून त्यांची शंका अडाणीपणाची ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय तर आहेच, शिवाय ते विज्ञानालाही सोडून आहे.

मला स्वतःला कोळशाच्या धुरापेक्षा अणुवीज बरी वाटते. तरीही माडबनला पहिला काँक्रीटचा थर पडण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर याव्यात: बांधकाम रखडले तर वाढीव खर्च कोण सोसणार याचे करारातील कलम, आणि मुसाकाझी ते आंबोळगड या पट्ट्यातील पाण्याच्या तापमानाच्या व मासळीच्या सलग काही वर्षांच्या नोंदी. या नोंदी प्रकल्प सुरू होण्याआधीच घ्याव्या लागतात; नंतर घेतलेल्या मोजमापांची तुलना करायला काही उरत नाही.