विजय कुणाच्या खात्यावर? बास्केटबॉलच्या एका जुन्या हिशोबाची पार्श्वभूमी

एप्रिल २०१६ मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सच्या टिम डंकनने नियमित हंगामातला हजारावा विजय नोंदवला. त्याआधी दोघंच तिथवर पोचले होते, करीम अब्दुल-जब्बार (१,०७४) आणि रॉबर्ट पॅरिश (१,०१४). डंकन १,००१ वर थांबला, पण त्याचे सगळे विजय एकाच संघाकडून होते आणि ते दोघांपैकी कुणालाच साधलेलं नव्हतं. तेव्हापासून ‘सर्वांत महान कोण’ या वादात हा आकडा हमखास येतो. तो येतो कुठून, कसा मोजला जातो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये निदान कर्णधाराच्या नावावर विजय लागतो. बेसबॉलमध्ये तो पिचरला मिळतो. बास्केटबॉलमध्ये सामना जिंकतो तो संघ. खेळाडूच्या नावापुढे जय-पराजय लिहिण्याची पद्धत आकडेमोड करणाऱ्यांनी पाडली, आणि त्यामागे एक अडचण होती.

अडचण बिल रसेलची. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं मिळवणारा हा माणूस सामन्यामागे सरासरी १५ गुण करायचा. त्याच काळात विल्ट चेंबरलेनने एका आख्ख्या हंगामात (१९६१-६२) सरासरी ५०.४ गुण केले. रसेलचं खरं काम बचावातलं, प्रतिस्पर्ध्याचे फटके अडवण्याचं. पण लीग ब्लॉक (फटका अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) मोजायला लागली १९७३-७४ पासून आणि रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) सोडले तर त्याची बाजू मांडायला कागदावर विजयच होते, म्हणून त्याचे चाहते विजय मोजायला लागले. रसेल आणि चेंबरलेन चार वेळा निर्णायक सातव्या सामन्यात समोरासमोर आले, चारही रसेलच्या संघाने जिंकले. चारही सामन्यांमधलं अंतर एकत्र केलं तर भरतं जेमतेम नऊ गुण. एवढ्यावर एकाला ‘जिंकणारा’ आणि दुसऱ्याला ‘हरणारा’ ठरवण्यात आलं, आणि हा शिक्का अजून पुसलेला नाही. १९६९ ची फायनल रसेलच्या संघाने जिंकली, पण फायनलचा सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो गेला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टकडे. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो पुन्हा कधी मिळालेला नाही.

पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ एका निर्णयात आहे. खेळाडूच्या खात्यात कोणते सामने धरायचे? रूढ झालेला नियम असा: तो ज्या सामन्यात कोर्टवर उतरला तेवढेच. तो बाकावर बसून राहिला किंवा घरी असला, तर संघ जिंको वा हरो, त्याच्या खात्यात काहीच नाही. आणि तो एक मिनिट जरी खेळला, तरी अख्खा सामना त्याच्या नावावर.

यात तर्क आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमुळे रसेल पहिल्या हंगामात डिसेंबरमध्ये संघात आला, तोवर त्याचा संघ सेल्टिक्स त्याच्याशिवाय १६-८ (सोळा विजय, आठ पराभव) असा पुढे होता. ते सोळा विजय त्याला देणं चूकच ठरलं असतं. मायकेल जॉर्डन १९९५ मध्ये परतला तेव्हा हंगामाचे १७ सामने उरले होते. त्याच्या संघाने, बुल्सने, त्यातले १३ जिंकले आणि तेवढेच त्याच्या खात्यात आले, ते रास्तच.

पण हा नियम खेळाडू दुखापतीमुळेच बाहेर बसतो, असं गृहीत धरणाऱ्या काळातला. २९ नोव्हेंबर २०१२ ला स्पर्सच्या कोचने मायामीतल्या सामन्याआधी डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना परस्पर घरी पाठवून दिलं. सहा सामन्यांच्या दौऱ्यातला तो शेवटचा सामना, पाच रात्रींतला चौथा. उरलेला संघ शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजून १००-१०५ असा हरला. सामना देशभर टीव्हीवर दाखवला जात होता, त्यामुळे लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. दंड योग्य की अयोग्य यावर तेव्हा रकानेच्या रकाने भरले गेले. डंकनच्या कारकिर्दीतल्या ३९१ पराभवांमध्ये हा पराभव नाही, हे मात्र कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. मार्च २०१३ मध्ये उलट झालं. मायामीने लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड या आपल्या ताऱ्यांना बसवलं आणि तरी स्पर्सला त्यांच्याच घरी ८८-८६ ने हरवलं. तो विजय लेब्रॉनच्या खात्यात नाही, डंकनच्या खात्यात पराभव मात्र आहे.

आता पॅरिशकडे बघा. त्याचा शेवटचा हंगाम १९९६-९७, वय ४३, संघ जॉर्डनचा. बुल्सने त्या वर्षी ६९ सामने जिंकले. पॅरिश ४३ सामन्यांत उतरला, सरासरी दहा मिनिटंसुद्धा नाहीत. पॅरिश थोर होता, सेल्टिक्समधली त्याची वर्षं कुणी नाकारणार नाही. पण तो डंकनच्या तेरा विजयांनी पुढे आहे, आणि त्या हंगामाशिवाय तो पुढे राहिला असता असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे २०२३-२४ पासून लीगने मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घातली. त्यातही सामना धरला जायला साधारण २० मिनिटं खेळावं लागतं, दोनच सामन्यांत १५ पर्यंत सूट. म्हणजे पुरस्काराला मिनिटांची अट आहे, विजयाच्या खात्याला नाही.

टक्केवारीत गेलं की वेगळीच पंचाईत. हजाराच्या वर सामने खेळलेल्यांमध्ये जिनोबिली ७२.१ टक्क्यांवर, डंकन ७१.९ वर. जिनोबिलीने १,०५७ पैकी जेमतेम ३४९ सामने सुरुवातीपासून खेळले, बाकीच्यांत तो बाकावरून आला. जॉर्डन? १,०७२ सामन्यांत ७०६ विजय, ६५.९ टक्के. त्यातून शेवटची, वॉशिंग्टन संघाकडून खेळलेली दोन वर्षं (६७-७५) वगळली तर बुल्सकडून ६८.७. चाहते ती दोन वर्षं वगळतातच. मग पहिली दोन-तीन वर्षं का नाही, असं विचारलं की विषय बदलतो.

संघ त्याच्याशिवाय कसा खेळला, हे बघून उत्तर शोधण्याचा प्रयत्न नंतर झाला. जॉर्डन १९९३ मध्ये पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा बुल्स ५७ विजयांवरून ५५ वर आले. लेब्रॉन २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून गेला तेव्हा संघ ६१ वरून थेट १९ वर कोसळला, त्यात सलग २६ पराभव. लेब्रॉनच्या बाजूचे हे आकडे फेकतात, आणि क्लीव्हलँडने त्याच उन्हाळ्यात कोचही बदलला होता, शकील ओनीलही गेला होता, हे सोयीस्करपणे गाळतात. बुल्सकडे मात्र स्कॉटी पिपेन होता आणि कोच तोच होता.

प्लेऑफचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा हिशोब त्याहून वाकडा, कारण विजेतेपदाची किंमतच बदलत गेली. १९५७ मध्ये सेल्टिक्सला त्यासाठी सात विजय पुरले. जॉर्डनच्या काळात पंधरा लागायचे, कारण पहिली फेरी जास्तीत जास्त पाच सामन्यांची होती आणि तीत तीन विजय पुरायचे, पुढच्या तिन्ही फेऱ्यांत चार-चार. २००३ पासून तीही सात सामन्यांची झाली आणि आकडा सोळावर गेला. लेब्रॉन त्याच वर्षाच्या शेवटी लीगमध्ये आला, म्हणजे त्याची विजेतेपदाची प्रत्येक अंगठी सोळा विजयांची. २०२५ पर्यंत त्याच्या नावावर १८४ प्लेऑफ विजय होते, जॉर्डनच्या नावावर ११९. २०२० मध्ये लेब्रॉनने ज्याला मागे टाकलं तो डेरेक फिशर होता, १६१ विजयांचा. पाच विजेतेपदांचा उपयुक्त खेळाडू, पण महानांच्या यादीत त्याला कुणी बसवत नाही. करीमचे १५४ त्याच्याही खाली.

अलीकडच्या वर्षांत हिशोबाबाहेरचे सामनेही वाढले आहेत. प्ले-इनचे, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीचे सामने नियमित हंगामात धरत नाहीत, प्लेऑफमध्येही नाहीत. लेब्रॉनच्या तेव्हाच्या संघाने, लेकर्सने, २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये असे सामने जिंकले, तिन्हींत लेब्रॉन होता. डिसेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासला हंगामातल्या नव्या स्पर्धेची पहिली फायनल लेकर्सने इंडियानाला १२३-१०९ ने हरवून जिंकली. चषक मिळाला, रोख बक्षीस मिळालं, लेब्रॉन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो सामनाही नियमित हंगामाच्या आकड्यांत धरलेला नाही.