वाफेच्या इंजिनांचा वारसा, खानदेशातील

खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) जिन (कापसातून सरकी काढणारी यंत्रे), प्रेस (रुईच्या गाठी दाबणारी यंत्रे), कापडगिरण्या व लोहमार्ग यांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चाललेली वाफेची इंजिने, त्यांचे बॉयलर, धुरांडी आणि त्यांना जोडलेली यंत्रे यांचा या वारशात समावेश होतो.

या प्रदेशात वाफशक्ती कशामुळे रुजली, याविषयी दोन मते मांडता येतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी हे एका मताप्रमाणे मूळ कारण होय. दुसरे मत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला महत्त्व देते. तेजीने भांडवल आणले हे खरे. तथापि भुसावळमार्गे लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला व १८७० मध्ये जबलपूरला पोहोचला आणि त्यानंतरच अवजड बॉयलर व प्रेसचे बिडाचे भाग घाट चढवून आणणे परवडू लागले असावे, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कापसाच्या वजनात रुई सुमारे एक-तृतीयांश व उरलेली बहुतेक सरकीच असल्याने, सरकी जागीच काढून रुईच्या घट्ट दाबलेल्या गाठी रेल्वेने धाडण्यात मोठी बचत होती. जळगावची कापडगिरणी १८७० नंतरच्या दशकातील, तर अमळनेरची प्रताप मिल साधारणतः १९०६ मधील मानली जाते.

जतन केलेले इंजिन पाहताना प्रथम फ्लायव्हीलची (इंजिनाच्या जड चाकाची) धाव पाहावी. तिच्यावर समांतर खाचा असतील, तर त्यांतून सुती दोर जात व ते गिरणीच्या निरनिराळ्या मजल्यांवर शक्ती पोहोचवीत. धाव सपाट, पण मध्ये किंचित फुगीर असेल, तर तिच्यावर रुंद पट्टा चालत असे, आणि तो कडेला सरकून उतरू नये म्हणूनच ही फुगवटी ठेवलेली असते. जिनघरात पट्ट्याने फिरणाऱ्या एकाच लाइन शाफ्टवर (लांब फिरत्या दांड्यावर) मॅकार्थी जिनची रांग चाले. या जिनमध्ये चामड्याने मढवलेला रूळ रुई ओढून घेतो, स्थिर पाते सरकी अडवते आणि खालीवर हलणारे पाते ती झटकून टाकते. लँकेशायर प्रकारच्या बॉयलरच्या तोंडाशी शेजारी-शेजारी दोन भट्ट्या दिसतात, कॉर्निश प्रकारात एकच. बॉयलरच्या पाण्यातून जाणाऱ्या भट्टीच्या नळीचा माथा उघडा पडेल इतके पाणी उतरल्यास तापलेला पत्रा मऊ पडून नळी चेपते. म्हणून आगवाल्याची नजर सतत पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर असे. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने तपासणीचे नियम देशभर बरेचसे एकसारखे झाले.

तेलइंजिने व विजेच्या मोटारी आल्यावर जिनांतील वाफ-इंजिने भंगारात जाणे स्वाभाविक होते. रेल्वेचे इंजिन चौथऱ्यावर एकटे उभे राहू शकते. जिनचे इंजिन मात्र बॉयलर, शाफ्ट व पट्टे यांवाचून अपुरेच कळते, आणि खानदेशाच्या दृष्टीने जतनाचा अग्रहक्क त्याचाच आहे.

लोहमार्गांपैकी पाचोरा–जामनेर हा ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग १९१९ च्या सुमारास झाला व त्यावरही पूर्वी वाफेची इंजिने धावत.