पाच स्टारचा एसी आणि वाढलेले तास

एसीवरच्या स्टार लेबलवर एक आकडा छापलेला असतो: वर्षाला लागणारी युनिटं. तो काढताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, असं धरून चालतो की एसी वर्षभरात १६०० तास चालेल. तीन स्टार असोत वा पाच, तास तेवढेच. दोन यंत्रांची तुलना करायला ही पद्धत योग्यच आहे. पण घरात आल्यावर तास ठरवतो माणूस, आणि बिल कमी येतंय हे लक्षात आलं की ते तास वाढू लागतात.

मुंबईत जुना एसी कसा वापरला जायचा ते आठवून पाहा. झोपताना लावायचा, खोली गार झाली की मध्यरात्री कुणीतरी उठून बंद करायचा आणि पंखा सुरू करायचा. कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालायचा नाहीतर थांबायचा, आणि तो सुरू झाल्याच्या प्रत्येक आवाजाबरोबर बिलाची आठवण व्हायची. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी करून संथपणे चालत राहतो. वीज खरोखरच कमी लागते. मग पहाटेपर्यंत राहू दे की चालू! इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे बंद करायचं कारण नाहीसं झालं की तो बंद होत नाही.

सोयीसाठी काही आकडे धरू. जुना एसी तासाला दीड युनिट खातो, रोज ६ तास, उन्हाळ्याचे आणि ऑक्टोबरच्या उकाड्याचे मिळून १२० दिवस. झाली १०८० युनिटं. नवा एसी तासाला एकच युनिट घेतो. तास तेवढेच ठेवले तर ७२० युनिटं, म्हणजे ३६० वाचायला हवीत. पण आता तो ७ तास चालतो. वापर ८४० होतो आणि बचत २४० वर येते. अपेक्षित बचतीचा एक तृतीयांश भाग वाढलेल्या वापरात गेला. यालाच रिबाउंड इफेक्ट म्हणतात. पुढे ‘आता परवडतंय’ म्हणून मुलांच्या खोलीतही तसाच एसी आला आणि रोज दोन तास चालला, तर आणखी २४० युनिटं. बेरीज पुन्हा १०८०. दोन्ही यंत्रं उत्तम, लेबलं खरी, बचत शून्य.

हा झाला थेट परिणाम. दुसरा आडवाटेने येतो: बिलात वाचलेले पैसे दुसऱ्या कशावर तरी खर्च होतात, आणि त्या वस्तूमागे किंवा प्रवासामागेही इंधन जळतंच.

हे पहिल्यांदा स्पष्टपणे मांडलं ते विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, १८६५ मध्ये, कोळशाबद्दल. स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरला होता, आणि तरी १८३० ते १८६३ या काळात लोखंडासाठी जळणारा एकूण कोळसा दहापट वाढला होता. कमी कोळशात काम झालं म्हणून लोखंड स्वस्त झालं, स्वस्त झालं म्हणून मागणी वाढली. सगळी वाढ एकट्या कार्यक्षमतेमुळे झाली असं नाही. रेल्वे आणि कारखाने वाढतच होते. पण जेव्हन्सने दाखवलेला धागा खरा होता.

म्हणून कार्यक्षमता निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. मला तो चुकीचा वाटतो, आणि घातकही. ब्रिटनच्या ऊर्जा संशोधन केंद्राने २००७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. श्रीमंत देशांतल्या घरगुती हीटिंग-कूलिंगमध्ये आणि खासगी वाहनांत थेट रिबाउंड साधारणपणे ३० टक्क्यांच्या आत असतो, असं त्यात दिसलं. म्हणजे बचतीचा मोठा हिस्सा हाती राहतो. फ्रिजचं उदाहरण तर सोपं आहे: तो आधीच चोवीस तास चालतो, त्याचे तास वाढणार कुठून? रिबाउंड मोठा होतो तो जिथे गरज अजून भागलेली नसते तिथे, नाहीतर जिथे हौसेला मर्यादा नसते तिथे.

उजेडात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. रॉजर फुके आणि पीटर पिअर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटनचा हिशेब मांडला. १८०० ते २००० या दोनशे वर्षांत उजेड तीन हजार पटींहून अधिक स्वस्त झाला आणि माणशी वापर सुमारे साडेसहा हजार पट वाढला. उत्पन्नही वाढलं होतं, तरी आकडा थक्क करणारा आहे. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि पुढे ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बचं काम ९ वॉटमध्ये होऊ लागलं. चाळीतल्या घरात त्यामुळे अभ्यासाच्या जागी वेगळा दिवा लागला असेल, तर तो वाढलेला वापर मी तोट्याच्या रकान्यात लिहिणार नाही. झाडांच्या खोडांना रात्रभर गुंडाळलेल्या माळा आणि टॉवरच्या दर्शनी भागावर पळणारे रंग मात्र त्या रकान्यात लिहायलाच हवेत.

मुंबईच्या वीजबिलात एक ब्रेक आधीपासूनच आहे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. नवा एसी घेतल्यावर आधी वाचतात ती वरच्या, महाग टप्प्यातली युनिटं. ‘तीनशेच्या आत ठेवायचं’ असं ठरवणाऱ्या घरात म्हणून रिबाउंड त्या रेषेपाशी अडतो. ज्यांना पाचशेच्या पुढचा दरही जाणवत नाही, त्यांच्यासाठी हा ब्रेक लागतच नाही, आणि त्यांच्याकडेच एसी जास्त असतात. २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीवर सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक झालं, ते चांगलंच झालं. पण रिमोटवर सोळा गाठायला काही सेकंद लागतात.

त्यामुळे खरा प्रश्न एसीचे तास मुळात किती लागावेत हा आहे, आणि तो इमारत बांधतानाच सुटतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांत राहिलेली कुटुंबं पुनर्विकासामुळे आता ५०० चौरस फुटांच्या घरांत जात आहेत. त्यांचा वीजवापर वाढेल, तो वाढायलाच हवा; तीन पिढ्यांनी उकाडा सोसला आहे. नियोजनाने तो वापर आजच धरायला हवा, ‘सगळीकडे पाच स्टार लावले’ म्हणून वजा करू नये. घरांसाठीची इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली; भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला ती चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घालते. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे की नाही, समोरासमोर खिडक्या उघडून वारा वाहतो की नाही, काच किती आणि भिंत किती, हे आज कागदावर ठरतंय, आणि पुढची पन्नास वर्षं त्या घरात एसी रात्री किती वाजता लागेल हे त्यावर अवलंबून आहे.