थंडीत बॅटरीतलं मीठ खाली बसतं? नाही हो!

दर डिसेंबरला कोणीतरी लेह-मनालीला जातं, चांगला ३०-४० टक्के चार्ज असलेला फोन तिथे धाडकन बंद पडतो, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तेच ज्ञान सुरू होतं, की गार पाण्यात साखर कमी विरघळते ना, तसंच थंडीत इलेक्ट्रोलाइटमधलं, म्हणजे बॅटरीतल्या द्रवातलं, मीठ खाली बसतं. वैताग आलाय आता.

विद्राव्यता म्हणजे जास्तीत जास्त किती विरघळू शकतं, हे सगळ्यांना शाळेपासून माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. गोंधळ होतो तो वाहकतेशी, म्हणजे विरघळलेले आयन (विद्युतभार असलेले कण) किती सहज पळतात त्याच्याशी. फोनच्या नेहमीच्या लिथियम सेलमध्ये कार्बोनेट सॉल्व्हंटच्या (मीठ विरघळवणाऱ्या द्रवांच्या) मिश्रणात लिटरला साधारण १ मोल लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे मीठ असतं, म्हणजे १५२ ग्रॅमच्या आसपास. याहून बरंच जास्त मीठ त्यात मावतं, त्यामुळे थोडा गारठा पडला म्हणून ते लगेच बाहेर येत नाही. होतं काय, तर द्रव दाटसर होतो, आयन रेंगाळतात, इलेक्ट्रोडच्या (बॅटरीतल्या धन-ऋण पट्ट्यांच्या) पृष्ठभागावरची देवाणघेवाण तर त्याहून मंदावते, मग जरा जास्त करंट ओढला की व्होल्टेज खाली आपटतं आणि फोनला वाटतं चार्ज संपला. मीठ बाहेर पडत असतं तर अमुक तापमानापर्यंत सगळं ठीक आणि मग एकदम घसरण असं दिसलं असतं. प्रत्यक्षात २५ अंशांवरून खाली येताना वाहकता हळूहळू उतरतच असते, १० अंशांनाही फरक मोजता येतो, आणि तेव्हा आत एकही खडा नसतो.

खडे होतात, पण बऱ्याचदा ते मिठाचे नसतातच. त्या सॉल्व्हंटपैकी एक, इथिलीन कार्बोनेट, ३६ अंशांना वितळतं, म्हणजे मुंबईत, तेही एसी लॅबमध्ये, त्याची बाटली उघडली तर आत पांढरा घट्ट गोळा, कोमट पाण्यात धरल्याशिवाय ओतता येत नाही. खूप थंडीत मिश्रणातून आधी हे गोठतं. मीठ बसण्याची भीती खरी आहे ती लिटरला ३-४ मोल मीठ असलेल्या दाट इलेक्ट्रोलाइटमध्ये, तुमच्या फोनात नाही.

आणि गरम केलं की सगळंच जास्त विरघळतं हेही डोक्यातून काढा प्लीज. लिथियम कार्बोनेट १०० ग्रॅम पाण्यात ० अंशांना दीड ग्रॅम विरघळतं आणि १०० अंशांना त्याच्या निम्मंच, म्हणून तर कारखान्यात ते गरम द्रावणातून खाली पाडतात.

आपल्याकडे खरा त्रास उकाड्याचा. भर उन्हात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी तापली की तिच्यातलं ते हेक्साफ्लुओरोफॉस्फेट मीठ विघटन पावतं, पाण्याचा अंश असेल तर हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं आणि मँगनीजवाल्या कॅथोडमधून (धन पट्टीतून) मँगनीज सुटायला लागतं. याला कोणी "विद्राव्यता वाढली" म्हणालं की माझं डोकं फिरतं, ही सरळसरळ झीज आहे, नंतर बॅटरी गार केली म्हणून ते मँगनीज परत जागेवर जात नाही.