गोधडीसाठी कापडाची निवड

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत, ती अजूनही रोजच्या वापरात आहे. शिवण साधी असल्यामुळे गोधडी टिकणार की नाही हे बरेचसे कापडावर ठरते. बिघडलेल्या गोधडीत दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, न आटलेल्या कापडाचा असतो.

वापरून मऊ झालेले सुती लुगडे, धोतर किंवा पंचा हे यासाठी सर्वांत चांगले कापड. दहा-वीस धुण्यांत ते आटायचे तेवढे आटलेले असते, त्यातली खळ गेलेली असते आणि सुई चार-पाच थरांतून सहज जाते. कापड उजेडासमोर धरून दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे. जाळी दिसली पण फाटले नाही, तर ते मधल्या थराला चालते. ‘टर्र’ असा आवाज आला तर ते विरलेले आहे. विरलेले कापड आत घातले तर काही महिन्यांत त्याच्या गुठळ्या होतात.

नव्या कापडाची गोष्ट वेगळी. मालेगावच्या यंत्रमागांवरचे कोरे कापड स्वस्त पडते, पण ते तसेच वापरू नये. त्याला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. २० × २० सेंमीचा तुकडा कापून कोमट पाण्यात भिजवावा, वाळवून पुन्हा मोजावा. १९ सेंमी भरला तर मीटरमागे ५ सेंमी कमी धरायचे. सगळे कापड रात्रभर भिजवून, दोनदा धुऊन मगच कापावे. वरचा थर कोरा आणि आतले जुने असे झाले, तर धुतल्यावर वरचा आखडतो, आतले ढिले पडतात आणि गोधडीला फुगे येतात. ते इस्त्रीने जात नाहीत, उसवावेच लागते.

रंगाची परीक्षा ओल्या पांढऱ्या फडक्याने होते. दहा वेळा घासून फडके रंगले, तर तो तुकडा बाजूला ठेवावा. लाल आणि गर्द हिरवा रंग सर्वांत दगा देतात.

नाशिकच्या जुन्या गावातली कापड पेठ किंवा मेन रोड इथे कटपीस घेताना दुकानदाराच्या ‘प्युअर कॉटन’वर विसंबू नये. चार धागे काढून जाळावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टरचे थर एकमेकांवर घसरतात आणि ते घाम शोषत नाहीत. रंग छान म्हणून एखादी सिंथेटिक साडी वरच्या थराला घेतली जाते, आणि पस्तावा पहिल्याच उन्हाळ्यात होतो.

माप असे. सुमारे ११५ सेंमी पन्ह्याच्या (रुंदीच्या) नऊवारीतून दीड मीटरचे पाच तुकडे निघतात. दोन तुकडे दीड मीटरच्या कडेने शेजारी जोडले की साधारण १५० × २२५ सेंमीचा एक थर होतो. हिवाळी गोधडीला सहा थर, म्हणजे बारा तुकडे. तीन लुगडी पुरतात आणि तीन तुकडे ठिगळांना उरतात. उन्हाळी पांघरुणाला तीन थर पुरे.

येवल्याच्या पैठणीचे उरलेले तुकडे गोधडीत घालू नयेत: रेशीम आणि जरीचा धागा सुती कापडाबरोबर धुता येत नाही. त्यांची पाकिटे, तोरणे करावीत. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे असतात, ते पाकिटाच्या चेनीत अडकतात. म्हणून अस्तर लावणे भागच. रेशमात टाचणीचे भोक राहते, टाचायचे ते शिवणीच्या दाबातच, म्हणजे शिवणीपलीकडच्या आत जाणाऱ्या कडेतच.

दोरा सुतीच घ्यावा. मजबूत म्हणून पॉलिएस्टरचा घेतला, तर ओढ बसल्यावर तो तुटत नाही, जुने कापड कापतो. तुटलेला टाका पुन्हा घालता येतो. चिरलेल्या थराला ठिगळच लावावे लागते.