स्क्रू नाही, तरी सुटत नाही

टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण काढून उलटं धरा. एका कडेला दोन आखूड, जाडसर जिभा दिसतील. त्या अजिबात वाकत नाहीत. समोरच्या कडेला एक पातळ पट्टी इंग्रजी 'यू'सारखी वळलेली असते आणि तिच्या पाठीवर जेमतेम मिलिमीटरभर उंचीची धार असते. सेल घातले की आधी जिभा खाचांत सरकवायच्या, मग हे टोक दाबायचं. पट्टी आत दबते, धार कडेपलीकडे जाते, पट्टी उसळून मूळ जागी येते आणि 'खट्' असा आवाज होतो. स्क्रू नाही, गोंद नाही. जोडायची सोय त्या भागांबरोबरच साच्यातून ओतून आलेली असते. अशा जोडाला स्नॅप-फिट म्हणतात.

आपलं सगळं लक्ष त्या खटक्याकडे जातं. खरं तर जोडातलं सगळ्यात कमी काम तोच करतो, आणि त्याच्याकडून जास्त कामाची अपेक्षा ठेवली की जोड बिघडतो. मोकळी वस्तू ३ अक्षांवर सरकू शकते आणि त्याच ३ अक्षांभोवती फिरू शकते. प्रत्येक हालचाल दोन्ही दिशांनी धरली तर पळून जायच्या १२ वाटा झाल्या. झाकण पक्कं बसायचं तर या बाराही बंद व्हायला हव्यात. जिभा, बाजूच्या भिंती आणि टेकू देणाऱ्या कडा मिळून बहुतेक वाटा अडवतात. झाकण ज्या वाटेनं आत आलं ती उलटी वाट तेवढी उरते, आणि तिच्यावर हुक, म्हणजे ती धार असलेली पट्टी, पहारा देतो. हुकाला वाकावं लागतं, म्हणून तो मुळातच नाजूक ठेवावा लागतो. वजन, धक्के, ओढाताण हे सगळं न वाकणाऱ्या भागांनी सोसायचं. चारी बाजूंना फक्त हुक लावून झाकण 'धरून ठेवलं' असेल, तर ते कुठून तुटणार हे वापरण्याआधीच सांगता येतं.

भार प्रचंड असेल तिथे तर वाकण्याचं नावच काढत नाहीत. जेट इंजिनाच्या टर्बाइनमधली पाती चकतीच्या कडेला खोबणीत बसवलेली असतात. पात्याचं मूळ देवदार जातीच्या झाडाच्या आकृतीसारखं, दोन्ही बाजूंनी दातेरी असतं आणि चकतीत त्याच घाटाची खोबण कापलेली असते. इंजिन वेगात फिरताना एकेक पातं बाहेरच्या दिशेनं कित्येक टनांच्या जोरानं ओढलं जातं. तो सगळा जोर हे दाते वाटून घेतात. पातं खोबणीतून मागं-पुढं सरकू नये एवढ्यापुरती एखादी छोटी अडणी पुरते. इंजिन थंड असताना हे जोड किंचित सैल असतात. पुढच्या पंख्याची पातीही अशीच खोबणीत बसवलेली असतात, म्हणून उभ्या विमानाचा पंखा वाऱ्यानं सावकाश फिरतो तेव्हा ती खुळखुळताना ऐकू येतात. इंजिन सुरू झालं की पाती बाहेर खेचली जाऊन घट्ट बसतात.

आता हुकाचं गणित. सारख्या जाडीच्या पट्टीचं टोक न तुटता किती वाकवता येईल, हे तिच्या लांबीच्या वर्गाबरोबर वाढतं आणि जाडीबरोबर घटतं. पट्टी २० मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड, आणि प्लॅस्टिक २ टक्के ताणलं तरी चालणारं असेल, तर टोक सुमारे २.७ मिलिमीटर हलतं. लांबी निम्मी केली की हेच अंतर पाऊण मिलिमीटरच्याही आत येतं. रिमोटच्या पट्टीला 'यू'चा वळसा असतो तो याचसाठी: थोड्या जागेत जास्त लांबी. त्याच मापाची पट्टी साध्या पोलादाची असती तर साधारण ०.१ टक्का ताणानंतर ती कायमची वाकायला लागली असती, म्हणजे टोक मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच हललं असतं. प्लॅस्टिक पोलादापेक्षा कितीतरी कमकुवत असलं तरी इथे बाजी मारतं ते यामुळेच.

जाडीतही एक खुबी आहे. पट्टी मुळाशी जाड ठेवून टोकाकडे निम्म्या जाडीपर्यंत निमुळती केली, तर तेवढ्याच ताणात टोक ६० टक्क्यांहून जास्त वाकतं, कारण ताण मुळाशी साठून न राहता पट्टीभर पसरतो. पट्टी जिथे भिंतीला मिळते तो कोपरा काटकोनी ठेवला तर तडा हमखास तिथूनच जातो. त्याला थोडी गोलाई द्यावीच लागते. थ्री-डी प्रिंटरवर हुक उभा छापणाऱ्यांना तर याचा पुरता अनुभव असतो: थर आडवे पडतात आणि हुक दोन थरांच्या सांध्यात कटकन तुटतो.

प्लॅस्टिकच्या डब्यात हुकाच्या नेमकं खाली एक चौकोनी भोक बऱ्याचदा दिसतं. ते हवेसाठी नसतं. हुकाच्या धारेखालची पोकळी घडवायला साच्याचा पोलादी भाग तिथून वर आलेला असतो आणि त्याच वाटेनं परत जातो. भोक नको असेल तर साच्यात बाजूला सरकणारे भाग घालावे लागतात, आणि साचा महागतो.

घालताना सोपं आणि काढताना अवघड, ही करामत मात्र उतारांची. हुकाचा पुढचा उतार ३० अंशांच्या आसपास ठेवला की तो अलगद सरकतो. मागचा उतार ४५ अंशांचा असेल तर जोर लावून जोड सुटतो. ९० अंशांचा असेल तर कितीही ओढा, हुक तुटेल पण सुटणार नाही. पाठीवरच्या पिशवीचं बकल असंच असतं. ओढून ते उघडत नाही. दोन्ही बाजूंच्या दांड्या चिमटीत दाबल्या की लगेच मोकळं होतं.

कारखान्यांना या जोडांचं वेड लागलं ते स्क्रू पिळण्यातला वेळ वाचतो म्हणून. जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट या अभियंत्यांनी प्रत्येक सुट्या भागाला विचारायचे ३ प्रश्न ठरवून दिले: हा बाकीच्यांच्या तुलनेत हलतो का? वेगळ्या पदार्थाचाच असायला हवा का? जोडणी किंवा दुरुस्तीसाठी सुटा ठेवायलाच हवा का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर तो शेजारच्या भागात विलीन करता येतो. स्क्रू या परीक्षेत जवळजवळ नेहमीच नापास होतो. आयबीएमनं १९८५ मध्ये आणलेला प्रोप्रिंटर हा संगणकाचा प्रिंटर यंत्रमानवांना जोडता यावा म्हणून स्क्रूंशिवाय रचला होता. रचना इतकी सुटसुटीत झाली की माणसांनाही तो हातांनी झटपट जोडता येऊ लागला.

दुरुस्ती करणाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. ९० अंशांचे हुक कवचाच्या आत लपवले की उपकरण उघडायचं म्हणजे फोडायचं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांप्रमाणे, काही अपवाद सोडता, छोट्या उपकरणांतली बॅटरी १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः, बाजारात सहज मिळणाऱ्या अवजारांनी काढता आली पाहिजे. तिथे विकायच्या अशा बंद कवचांच्या हुकांचा मागचा उतार उत्पादकांना कमी करावा लागेल, नाहीतर काही जागी स्क्रू परत आणावे लागतील.